पहाटेचा गिअर

२७ डिसेंबर १९५०, बुधवार

ही डायरी भाऊजींची. गिरणीतून त्यांना दर वर्षी एक मिळते आणि ते तीत फक्त दुधाचे खाडे लिहितात. म्हणजे जवळजवळ कोरीच. "सुधीर, तुझ्या डोक्यात काय चाललेलं असतं ते एकदा कागदावर तरी उतरव," म्हणाले. उतरवतो. आज डोक्यात एकच आहे. फटफटी आली!

कल्याणच्या मारुतीच्या गॅरेजात पावसाळाभर राबलो, त्याबद्दल त्याने दिली. लढाईच्या आधीची आहे. कुणा गोऱ्याकडून पलटणीत, पलटणीतून भंगारात, भंगारातून मारुतीकडे. आताच्या गाड्यांना गिअर पायाने पडतो, हिला हाताने. टाकीच्या उजव्या अंगाला एक दांडा, त्याच्यापुढे खाचा पाडलेली पट्टी. क्लच दाबायचा, दांडा ओढायचा, खाचेत बसवायचा. रेल्वेचे सांधे बदलल्यासारखं वाटतं. मला तेच आवडलं.

बेत असा, की संक्रांत झाली की हिच्यावरून नाशिक, तिथून इंदूर, पुढचं पुढे. ताईला बोललेलो नाही. तिच्याकडे दिवाळीला चार दिवस म्हणून आलेलो.

३० डिसेंबर, शनिवार

बाळकुमचं हे घर जनाबाईचं. पुढच्या दोन खोल्या भाड्याने सरोजताई आणि प्रभाकर भाऊजींकडे, मागे जनाबाई, तिचा मुलगा धाकू आणि सून शेवंती. धाकूची खाडीत होडी आहे. शेवंती नुकतीच बाळंत झाली, मुलगी. जनाबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकते. म्हणजे विकायची.

आज ती पडवीत उजव्या गुडघ्याला एरंडाची पानं बांधून बसलेली. मी फटफटी पुसत होतो. विचारलं, "बाजार बंद का?"

"पाय चालंल तं बाजार चालंल," म्हणाली.

मग हळूहळू सगळं कळलं. बाजारात दाराजवळच्या फरशीवर तिची जागा आहे, तिच्या सासूपासूनची. शेजारणी तिची टोपली नेतात, विकूनही देतात. पण जागेचं तसं नाही.

"टोपली कुनीबी नेल रं. पन जाग्यावर घरचंच मानूस बसाय लागतं. आजारी बाईची जागा पुसाच्या पुनवेपरत राखतील. पुनवेला उधान येतं, समद्यांच्या टोपल्या भरून येतात, तवा रिकामी जागा कोन ठेवंल? बाजूला बसनाऱ्या रंगूची भाची टपूनच बसलंय."

पुसाची पुनव म्हणजे पौषातली पौर्णिमा, तेवीस जानेवारीला. शेवंतीला घराबाहेर पडता येत नाही. पुरुष त्या बाजारात विकायला बसत नाहीत. बाजार पहाटे भरतो, तेव्हा मोटार नाही, आणि बैलगाडी पोचेस्तोवर चांगली मासळी खपून गेलेली असते. आणि तीन मैल ती चालू शकत नाही.

मी विचार न करता बोललो, "मी नेतो ना फटफटीवर! मागे बसायचं, टोपली मांडीवर घ्यायची."

जनाबाई इतकी हसली की पानं सुटली. "मी? फटफटीवं? म्हातारा वरून बगंल नं तं परत येल!" पण डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "खरंच नेशील का रं?"

नेणार म्हटलं. नाशिक काय, पळून जात नाही.

१ जानेवारी १९५१, सोमवार

नव्या वर्षाचा पहिला घोटाळा. गिअर टाकला की आतून कडाकडा दात खाल्ल्याचा आवाज. मागचा गिअरचा डबा उघडला तर तेलाचा थेंब नाही, नुसता काळा चिखल. रॉकेलने धुतला. आता तेल आणायला ठाण्याला जावं लागणार. निघालेलोही, पण वाटेत मिठागरावर मीठ ओढणाऱ्या बायका दिसल्या, त्यांचं लांब दांड्याचं लाकडी फळं ओढणं बघत बसलो, आणि मग दुकान बंद व्हायची वेळ झाली.

परत आलो तर ताई शिवणयंत्राला तेल घालत होती. खोबरेल! लग्नापासून ती यंत्राला खोबरेलच घालते आणि ते अजून सुतासारखं चालतंय. चाकं तिथेही, चाकं इथेही. जनाबाईच्या माडांचं, घाण्यावरून काढून आणलेलं स्वच्छ तेल घरात डबाभर आहे. भरलं डब्यात. क्लचच्या तारेत सोडलं, दांड्याच्या सांध्यांत सोडलं. दुपारी गिअर असे पडायला लागले की लोण्यात बोट घालावं. गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. गाडी तापली तेव्हा खोबऱ्याचा वास सुटला.

धाकू नाक वर करून म्हणाला, "ही फटफटी का करंजी रं?"

३ जानेवारी, बुधवार

काय झालं ते मला कळलेलं नाही. म्हणून झालं तसं लिहितो.

पहाटे थंडी मरणाची. जनाबाई हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून तयार. शेजारपाजारच्या बाया बघायला आलेल्या. किक मारली, इंजिन लागलं. क्लच दाबला, तर दाबलेला क्लच वर येईना. दांडा ओढला तर कुणी पाचर मारून ठेवल्यासारखा. दोन हातांनी ओढला, पाय लावून ओढला. इंजिन आपलं फटफट करतंय, गाडी जागच्या जागी थरथरतेय, मागे जनाबाई टोपली घेऊन बसलेली.

एक बाई म्हणाली, "जने, पोचलीस का ठान्याला?"

"पोचलू," जनाबाई म्हणाली. "उतरते आता."

टोपली शेवटी शेजारणीने नेली. मी तोंड धुवायलाही गेलो नाही. दुपारी जेवून आलो, सहज दांड्याला हात लावला. पडला. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे. मी एकटाच होतो, कुणी बघायला नव्हतं.

६ जानेवारी, शनिवार

दोष दांड्यापासून डब्यापर्यंत जाणाऱ्या सळईत आहे. सळई लांब झालीय, त्यामुळे खाच चुकते. काल चार आटे आवळले. दुपारी उत्तम. आज पहाटे पुन्हा तेच.

७ जानेवारी, रविवार

आटे जास्त आवळले गेले असणार. काल दोन सैल केले. दुपारी उत्तम. पहाटेचं लिहीत नाही.

अंघोळीनंतर डोक्याला लावायला गेलो तर खोबरेलाची बाटली गोठून पांढरी. ताई ओरडली, "आधी भिंतीवर उन्हात ठेव, मग लाव! रोज सांगायला लागतं." ताईचा माझ्यावर राग आहे. सकाळी शिवायला बसली नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, "थंडीत सकाळचं यंत्र आळसावतं रे. ऊन चढलं की बसते." यंत्र आळसावतं! बायका यंत्रांना माणसं समजतात. माझ्या डोक्याला इथे सळईचा घोर लागलाय.

१२ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी दुपारी फटफटी घेऊन कल्याणला मारुतीकडे गेलेलो. वाटेत एकदाही अडली नाही, त्यामुळे पोचेपर्यंत मलाच राग आलेला. मारुतीने बसून एक चक्कर मारली. परत येऊन गाडीला नव्हे, मला न्याहाळलं.

"कुठे अडते?"

"बाळकुमला."

"आणि कल्याणला?"

"इथे नाही अडत."

"मग कल्याणलाच राहा," म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. मी म्हटलं, पहाटे अडते. तर गाडीखालून आवाज, "पहाटे मीपण अडतो. बायकोला विचार." सगळं गॅरेज हसलं.

डबा उघडून बघ म्हणायला पाहिजे होतं. पण लाज वाटली.

परतताना सरळ यायचं सोडून कोपरच्या खाडीवर वळलो. तिथे रेती काढतात. माणूस बांबूला धरून पाण्यात जातो, तळातून बादली भरतो, वर येतो. इतका वेळ खाली राहतो की काठावरच्याने आपला श्वास धरावा. त्यातल्या सहदेवने मला होडीत घेतलं, भाकरी दिली. एक दिवस म्हणता तीन दिवस राहिलो. सहदेवला विचारलं, खाली काय दिसतं? म्हणाला, "काय नाय दिसत. हातानं बघायचं." मला हे फार आवडलं. का ते सांगता येत नाही.

आज घरी आलो. ताईने एकदा बघितलं आणि शिवण पुढे ओढलं. भाऊजी म्हणाले, "दुधाचे खाडे लिहितो, आता तुझेही लिहू का?" जनाबाई पडवीत होती. मला वाटलं ती तरी हसेल. तिने फक्त विचारलं, "फटफटी बरी झाली का?" मी म्हटलं, कल्याणला बरी होती. तिने मान हलवली आणि गुडघ्यावरचं पान बदललं.

नंतर शेवंतीने खिडकीतून सांगितलं, की काल रंगूबाईची भाची जनाबाईच्या फरशीवर 'जराशी' बसून बघून गेली.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

तिळगूळ खाऊन सगळे फटफटीभोवती जमले. प्रत्येकाचं मत.

भाऊजी: "दोष गाडीचा नाही. पहाटे तू अर्धवट झोपेत असतोस. क्लचऐवजी ब्रेक दाबत असशील."

धाकू: "नजर लागलंय. त्या दिशी समद्या बाया टकामका बगत व्हत्या." त्याने नारळ ओवाळून फोडला, पाणी टाकीवर शिंपडलं, दांड्याला काळा दोरा बांधला. खोबरं वाटलं. चांगलं होतं.

जनाबाई: "माज्यासारकंच हाय तिचं. सकाल्ची उठवत नाय."

सगळे हसले. मीही हसलो. तिला यंत्रातलं काय कळणार. मलाही कळत नाही, पण माझं न कळणं निराळं आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

पडला!! पहाटे पडला! आभाळ भरलेलं, वारा नाही, अंगावर पांघरूण नको वाटत होतं म्हणून लवकर उठलो. क्लच दाबला, दांडा ओढला, खट्‌. मी ओरडलो तशी शेवंतीची मुलगी जागी झाली, मग सगळं घर.

पण भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे दिवस, खाडीला ओढ नाही, मासळीच नाही. नेणार काय? जनाबाई तरी हौसेने मागे बसली आणि मी तिला देवळापर्यंत फिरवून आणली. माझा शर्ट तिने इतका घट्ट धरला की पाठीची शिवण गेली. उतरल्यावर म्हणाली, "होडीसारकंच हाय. निस्तं पानी नाय."

दोर्‍याने झालं की सळईने, कोण जाणे. सळईनेच. मी तिला शब्द दिला, पुनवेला काही झालं तरी बाजारात बसवतो. हातावर हात मारून दिला.

१९ जानेवारी, शुक्रवार

आभाळ मोकळं झालं, थंडी परत. गिअर गेला. दोरा तसाच आहे, सळई तशीच आहे. मग मंगळवारी वेगळं काय होतं? मी शर्ट निळा घातलेला. आज निळाच घालून बघितला. एवढ्या थराला आलोय.

इंजिन खूप वेळ चालू ठेवून बघितलं. इंजिनला हात लावला तर फोड यावा, आणि मागे वीतभर अंतरावर गिअरचा डबा बर्फासारखा गार. एकाच गाडीत हे असं कसं?

ताई रात्री जेवताना म्हणाली, "तू तिला शब्द दिलास तो तुला पेलणारा होता का रे सुध्या?" मी म्हटलं, गाडी आहे, प्रयत्न चाललेत. "गाडीचं नाही विचारलं मी." मग कशाचं विचारलं?

२२ जानेवारी, सोमवार

उद्या पौर्णिमा. आज डबा पुन्हा उघडला. दुपारी तेल पाण्यासारखं पातळ, दात चकचकीत, कुठे खोट नाही. तेल कमी पडत असेल म्हणून वर आणखी भरलं, काठोकाठ. क्लचच्या तारेतही बाटलीभर सोडलं. आता याहून जास्त काय करणार.

२३ जानेवारी, मंगळवार. पौर्णिमा

हात दुखतायत, मान वळत नाही, अंगाला मासळीचा वास. तरी लिहितो, नाहीतर उद्यापर्यंत मीच दुसरं काही सांगायला लागेन.

धाकू उधाणाची मासळी घेऊन आला. बोय, कोळंबी आणि दोन जिताडे, हातभर लांब. टोपली भरून वर झाकण बसेना. जनाबाईने हिरवं लुगडं नेसलेलं. आज बायका बघायला आल्या नव्हत्या, त्या केव्हाच बाजाराच्या वाटेला लागलेल्या.

इंजिन लागलं. गिअर पडला नाही. क्लचची मूठ तर आज दाबायलाच तयार नाही. मी ओढत राहिलो. दांड्याचा काळा दोरा तुटून हातात आला. जनाबाई मागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं पोरा. हात तुटंल तुजा." ती उतरली, टोपली खाली ठेवली आणि पायरीवर बसून अबोलीचा गजरा काढायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. आणि मी म्हटलं, "डोक्यावर द्या."

"काय?"

"टोपली द्या माझ्या डोक्यावर."

धाकू म्हणाला, "येडा का काय, मान मोडंल!" पण जनाबाईने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या जुन्या लुगड्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली. दोघांनी टोपली चढवली. मासळीचं पाणी कॉलरमधून पाठीत उतरलं. बर्फ. माजिवड्याच्या चढणीवर दोनदा वाटलं, टाकावी आणि सरळ नाशिकचा रस्ता धरावा. उतरवायला कुणी नव्हतं म्हणून टाकता आली नाही. एकदा चढवलेली टोपली एकट्याने उतरवता येत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं.

बाजारात पोचलो तर दाराजवळच्या फरशीवर रंगूबाईची भाची टोपली मांडत होती. मी म्हटलं, "ही जनाबाईंची जागा." सगळ्या बाजाराने माना वळवल्या.

रंगूबाई कमरेवर हात ठेवून उठली. "जनीची हाय ते ठावं हाय. तू कोन तिचा?"

"भाडेकरू."

असं हसल्या सगळ्या, की बर्फ फोडणारा हातोडा टाकून बघायला आला. "भाडेकरू! उद्या तिचा दूधवाला येल!" "ए दादा, मिशीला खवलं लागलंय!" मी टोपलीखाली तसाच उभा.

रंगूबाई हसली नाही. "बाबा, हितं घरचं मानूस बसतं. पाव्हन्याची जागा नाय ही. घरचा हायस? मंग सांग, जनीची नात कवा रडतं?"

हा काय प्रश्न! मी म्हटलं, "धाकू होडीवर जायला निघाला की. दाराच्या आवाजाने."

"मंग कोन घेतं तिला?"

"जनाबाई. डाव्या मांडीवर, उजवा पाय लांब करून. तो वाकत नाही ना. आणि तरी नाही राहिली तर मी घेऊन फिरवतो, फटफटीचा दिवा दाखवतो. मग राहते."

"बाप्या हाय तं हाय, पन घरचा हाय," रंगूबाई म्हणाली. तिने भाचीकडे बघितलं. "चल, उचल. माज्या बाजूला ये, सरकून बसू." मग माझ्याकडे वळून, "उबा का? मान मोडाची वाट बगतंस? ये गो, उतरवा याची टोपली." तिनेच हात लावला.

बसलो. पहिला जिताडा मी इतका स्वस्त दिला, की गिऱ्हाईकच घाबरून मासा हुंगायला लागलं. दुसरा रंगूबाईने विकून दिला. सकाळभर शिव्या दिल्या आणि निघताना म्हणाली, "उद्या येशील तवा सुरी धार लावून आन." उद्या? मी पुनवेचंच धरून चाललेलो.

रिकामी टोपली घेऊन घरी आलो तेव्हा ऊन चांगलं चढलेलं. जनाबाई पायरीवरच होती. मी टोपली तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "जागा राहिली." तिने टोपलीला हात लावून तो कपाळाला लावला. मग मोडलेला गजरा पुन्हा माळला. मी उगाच फटफटीकडे गेलो. दांड्याला नुसतं बोट लावलं.

पडला.

मी तिथेच खाली बसलो. रडत होतो की हसत होतो, लिहिता येत नाही.

मागून जनाबाई म्हणाली, "झाली न बरी? आता जा नाशकाला."

नाशिकचं हिला कुणी सांगितलं? मी तर ताईलाही बोललेलो नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

काल गेलो, आजही गेलो. पहाटे आधी दांडा ओढून बघतो, पडत नाही, मग चुंबळ घेतो. मान सरावतेय. शेवंती बाहेर पडायला लागेपर्यंत कुणीतरी जायलाच हवं. सुरीला धार लावली. रंगूबाई म्हणते माझा हात बरा आहे, तोंड सुधारायला पाहिजे, भाव सांगताना मी माफी मागतो.

गाडीचं मात्र कोडं सुटलेलं नाही. सळई नाही, आटे नाहीत, नजर नाही, निळा शर्ट नाही. उरलं काय? फिरून फिरून तेच येतं. मारुती म्हणाला तसं बाळकुमच्या मातीतच काही असेल का?

आत्ता ताई ओरडली. खोबरेलाची बाटली भिंतीवर ठेवलीय, पण माझी फटफटी मध्ये येते, तिची सावली पडते, तेल विरघळत नाही. ताईशी वाद नको. बाटलीला ऊन मिळावं म्हणून फटफटी ढकलत नेली आणि मागे जाळ्यांच्या मांडवात, गार सावलीत उभी केली. गाडीलाही बरं. दिवसभर उन्हात तापून तिचं काही बिघडत असेल.

उद्या पहाटे बघू. नाही पडला तर चुंबळ खुंटीला आहेच.